वाचल्याची नोंद

फाईल नुसती उघडून वाचल्यानें तिच्यांत कांहीं फरक पडत नाहीं, असें आपण सर्वजण समजतों. पुस्तक वाचल्यानें त्यांतील अक्षरें बदलत नाहींत, आणि नकाशा पाहिल्यानें नदीचा प्रवाह फिरत नाहीं. मग संगणकांतील फाईल पाहिल्यानें तरी काय बदलावें? परंतु संगणकाच्या पोटांत प्रकार थोडा निराळा आहे. तेथें वाचणें म्हणजे पुष्कळदां लिहिणेंहि असतें. हें असें कां होतें, त्यापासून कोणता त्रास झाला, शोधकांनीं त्यावर कोणती तोड काढली, आणि आपल्यासारख्या सामान्य माणसांनीं ही गोष्ट समजून घेणें कां अगत्याचें आहे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम फाईल सिस्टिम म्हणजे काय तें पाहूं. संगणकाची डिस्क म्हणजे कोऱ्या पानांचें एक मोठें बाड आहे असें समजा. त्यांतील कोणत्या पानावर कोणता मजकूर आहे, तो कोणाच्या मालकीचा आहे, त्यास कोणीं हात लावावा व कोणीं लावूं नये, हें सांभाळणारी जी व्यवस्था तिला फाईल सिस्टिम म्हणतात. ही व्यवस्था प्रत्येक फाईलीमागें एक लहानसें टिपण ठेविते. युनिक्स व लिनक्स ह्या पद्धतींत त्या टिपणास आयनोड असें नांव आहे. मौजेची गोष्ट अशी कीं, ह्या टिपणांत फाईलीचें नांव नसतें. तें फोल्डरच्या यादींत असतें. टिपणांत असतो तो फाईलीचा आकार, तिचा मालक, कोणास कोणती परवानगी आहे तें, मजकूर डिस्कवर कोठें ठेविला आहे त्या जागा, आणि कांहीं वेळा. ह्या वेळांचाच आपणांस आज परिचय करून घ्यावयाचा आहे.

जव्हार व मोखाडा ह्या तालुक्यांतील शेतकरी कुटुंबांस सातबारा हा शब्द नवा नाहीं. जमिनीच्या हक्कांत बदल झाला कीं फेरफार पडतो, आणि त्याची नोंद गांव नमुना ६ ह्या फेरफारांच्या वहींत होते. परंतु कोणीं सातबारा नुसता वाचून पाहिला, तर त्या वाचण्याची नोंद सातबाऱ्यावर होत नाहीं. तशी प्रथा असती तर वाचणाऱ्यांच्या नोंदींनींच कागद भरून गेला असता. फाईल सिस्टिम मात्र तीन प्रकारच्या वेळा जवळ बाळगते. पहिली, फाईलींतील मजकूर शेवटीं केव्हां बदलला ती वेळ. हिला आपण बदलाची वेळ म्हणूं. दुसरी, मालक, परवानगी, आकार वगैरे टिपणांतील माहिती शेवटीं केव्हां बदलली ती. ही टिपणाची वेळ. तिसरी, फाईल शेवटीं केव्हां वाचली गेली ती; ही वाचनाची वेळ. पहिल्या दोन फेरफाराच्या जातीच्या आहेत. तिसरी मात्र निराळी, कारण कांहींहि बदललें नसतांना ती लिहावी लागते.

मराठेशाहींतील जुनीं पत्रें पाहिल्यास ह्या कल्पनेशीं जुळणारी एक रीत दिसून येते. अनेक राजपत्रांच्या शेवटीं 'मोर्तब सुद' असा शिक्का उमटविलेला असे. मजकूर येथें पुरा झाला, ह्यापुढें कोणीं भर घालूं नये, असा त्याचा हेतु. पत्र ज्याच्याकडे जाई त्याच्या दप्तरांत तें येऊन पोहोंचल्याची तारीख 'पैवस्त' म्हणून पत्रावरच टिपण्याचीहि वहिवाट होती. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांनीं संपादिलेले पेशवे दप्तराचे ४५ भाग १९३० ते १९३४ ह्या काळांत प्रसिद्ध झाले. अशा पत्रांचा अभ्यास करणारास पत्र केव्हां लिहिलें आणि केव्हां पोहोंचलें ह्या दोन तारखांमधील अंतरावरून पुष्कळ बोध होतो. परंतु पत्र पोहोंचलें म्हणजे तें वाचलें गेलेंच असें नव्हे. आणि वाचलें गेलें असें धरलें तरी कोणीं वाचलें, हें त्या तारखेवरून ठरत नाहीं. विद्यार्थिमित्रहो, हा भेद ध्यानांत ठेवा. पुढें त्याची गरज पडणार आहे.

आतां ही वाचनाची वेळ ठेवण्याची पद्धत कशी आली तें पाहूं. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची ह्यांनीं युनिक्स ह्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कामास आरंभ केला. १९७९ सालीं निघालेल्या तिच्या सातव्या आवृत्तींत वर सांगितलेल्या तिन्ही वेळा फाईलीच्या टिपणांत होत्या. वेळ मोजण्याची रीतहि साधी होती. ग्रीनिचच्या हिशेबानें १ जानेवारी १९७० च्या आरंभींच्या मध्यरात्रीपासून किती सेकंद लोटले, तेवढा आंकडा लिहावयाचा. त्या क्षणीं आपल्याकडील घड्याळांत पहाटेचे साडेपांच वाजले होते.

वाचनाच्या वेळेचे उपयोग खरोखरीचे होते. त्या काळीं डिस्कवरील जागा फार महाग असे. कोणत्या फाईली बरेच दिवस कोणीं उघडल्या नाहींत हें कळल्यास त्या चुंबकीय फितीवर हलवून जागा मोकळी करितां येई. दुसरा उपयोग टपालाचा. आलेलीं पत्रें एकाच फाईलीच्या शेवटीं जोडलीं जात. पत्र येतांच त्या फाईलीची बदलाची वेळ पुढें सरके. मालकानें फाईल वाचली कीं वाचनाची वेळ पुढें सरके. बदलाची वेळ वाचनाच्या वेळेनंतरची असेल, तर न वाचलेलें पत्र आलें आहे असें संगणक ओळखी. केवळ दोन आंकड्यांची तुलना करून हें काम होई, ही युक्ति मोठी सुबक होती ह्यांत संशय नाहीं.

परंतु ह्या सोयीची किंमत हळूहळू ध्यानांत येऊं लागली. एक उदाहरण घेऊं. लिनक्समधील एक्स्ट४ ह्या प्रचलित फाईल सिस्टिममध्यें एक टिपण सामान्यतः २५६ बाइटांचें असतें, आणि डिस्कवर लिहिण्याचा एक ठोकळा ४,०९६ बाइटांचा असतो. म्हणजे एका ठोकळ्यांत १६ टिपणें मावतात. वाचनाच्या वेळेचा आंकडा मूळचा अवघ्या ४ बाइटांचा. पण तेवढा बदलण्यासाठींहि सबंध ठोकळा पुनः लिहावा लागतो. आतां एखाद्या फोल्डरांत १,००० छायाचित्रें आहेत, आणि तीं सर्व कोणीं एकदां पाहिलीं, असें समजा. १,००० स १६ नीं भागिलें असतां ६२॥ येतात. म्हणजे टिपणें ओळीनें लागलेलीं असलीं तरी निदान ६३ ठोकळे लिहावे लागतील. तीं विखुरलेलीं असल्यास ही संख्या कितीतरी वाढेल. शिवाय वीज अचानक गेल्यास घोटाळा होऊं नये म्हणून ही फाईल सिस्टिम असे बदल आधीं एका रोजकीर्दींत उतरविते आणि मग मूळ जागीं लिहिते. म्हणजे पुष्कळसें काम दुप्पट होतें. आणि हें सर्व कशासाठीं? एक अक्षरहि न बदलतां केवळ पाहिल्याबद्दल! कित्येकदां तर छायाचित्र आधींच संगणकाच्या स्मरणांत असतें आणि तें दाखविण्यास डिस्कला हात लावण्याचें कारणच नसतें. तरी वाचनाची वेळ लिहिण्यासाठीं डिस्कला कामास लावावें लागतें.

ह्याचा अर्थ आमच्या डोंगराळ भागांतील वाचकांस सहज उमगेल. पावसाळ्यांत वीज जाणें ही जव्हार-मोखाड्याकडील लोकांस नवी गोष्ट नाहीं. बॅटरीवर चालणाऱ्या संगणकास प्रत्येक थेंब जपून वापरावा लागतो. फिरणारी डिस्क कांहीं काळ थांबवून वीज वांचवितां येते. पण थांबलेली डिस्क केवळ एक वेळ टिपण्यासाठीं पुनः फिरूं लागली तर ती बचत वाया जाते. पेन ड्राइव्ह व मेमरी कार्ड ह्यांची गोष्ट निराळी, पण तिकडेहि हानि आहेच. त्यांतील कण ठराविक वेळांच पुसून लिहितां येतात, म्हणून निष्कारण लिहिणें म्हणजे त्यांचें आयुष्य झिजविणें होय.

२००७ सालीं लिनक्स रचणाऱ्या मंडळींत ह्या प्रश्नाचा जोरानें ऊहापोह झाला. इंगो मोल्नार ह्या कसलेल्या रचनाकारानें वाचनाच्या वेळेची ही नोंद लिनक्सच्या वेगास मोठीच बाधक आहे असें आग्रहानें मांडिलें, आणि लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स ह्यांनींहि त्यास दुजोरा दिला. नोंद अजिबात बंद करावी, हा एक उपाय होताच. त्यास नोएटाइम म्हणतात. परंतु तसें केल्यास टपाल ओळखण्याची जुनी युक्ति मोडते. म्हणून व्हॅलरी हेन्सन ह्या विदुषीनें सुचविलेला मध्यम मार्ग, ज्यास रिलेटाइम असें नांव आहे, तो पुढें आला. त्यांत २४ तासांची एक अट नंतर जोडली गेली. आणि २००९ सालच्या लिनक्सच्या २.६.३० ह्या आवृत्तीपासून तोच नेहमींचा नियम ठरला. पुण्यांत मुख्य ठाणें असलेल्या सी-डॅक ह्या संस्थेनें २००७ सालीं पुढें आणलेली 'बॉस' ही भारतीय ऑपरेटिंग सिस्टिमहि लिनक्सवरच आधारलेली आहे.

हा मध्यम मार्ग समजण्यास सोपा आहे. फाईल वाचली जातांच संगणक दोन प्रश्न विचारतो. मागील वाचनाच्या नोंदीनंतर फाईलींत किंवा तिच्या टिपणांत बदल झाला आहे काय? आणि मागील नोंदीस २४ तास उलटले आहेत काय? ह्यांपैकीं एकाचें जरी उत्तर 'होय' असें आलें, तरी नवी वेळ लिहावयाची. दोन्ही उत्तरें 'नाहीं' असल्यास कांहींच लिहावयाचें नाहीं. समजा, गुरुजींनीं सोमवारीं सकाळीं ९ वाजतां गुणपत्रकाची फाईल सुधारून ठेविली. १० वाजतां ती उघडली गेली. बदलानंतरचें हें पहिलेंच वाचन, म्हणून १० वाजण्याची नोंद झाली. पुढें ११ वाजतां, १ वाजतां व ४ वाजतां ती पुनः उघडली गेली. तरी नोंद १० वाजण्याचीच राहिली. मंगळवारीं ११ वाजतां ती उघडतांच २४ तास उलटून गेले असल्यामुळें नवी नोंद झाली. ह्यायोगें टपालाचें काम अडत नाहीं, बरेच दिवस न उघडलेल्या फाईलीहि ओळखूं येतात, आणि लिहिण्याचा बोजा मात्र पुष्कळच कमी होतो. पुढें २०१५ सालीं लिनक्सच्या ४.० ह्या आवृत्तींत लेझीटाइम नांवाची आणखी एक सोय आली. तिच्यांत वेळा स्मरणांत ताज्या ठेवून डिस्कवर सवडीनें उतरविल्या जातात.

इतर पद्धतींचे नियम इतर तऱ्हेचे आहेत. विंडोजमधील एनटीएफएस ह्या फाईल सिस्टिममध्यें वाचनाची वेळ डिस्कवर उतरण्यास एक तासापर्यंत विलंब होऊं शकतो. विंडोज व्हिस्टापासून तर ही नोंद मुळांतच बंद ठेवण्यांत येऊं लागली. नंतरच्या आवृत्तींत ती चालू ठेवावी कीं बंद, हें यंत्र स्वतः ठरवूं शकतें. पेन ड्राइव्हवर पुष्कळदां आढळणाऱ्या फॅट ह्या जुन्या पद्धतींत वाचनाची केवळ तारीख लिहितात. तास व मिनिटें लिहीतच नाहींत. म्हणजे 'शेवटीं वाचल्याची वेळ' ह्या एकाच नांवाखालीं कोठें क्षण असतो, कोठें तास, कोठें दिवस, आणि कोठें कांहींच नसतें.

येथवरचें विवेचन यंत्राचें झालें. आतां माणसांचा प्रश्न घेऊं, कारण ह्या विषयाचें खरें महत्त्व तेथेंच आहे. आज शाळेंतील एकच संगणक अनेक मुलें वापरतात. घरांतील एकच यंत्र सर्व भावंडें वापरतात. समजा, परीक्षेच्या आदल्या दिवशीं प्रश्नपत्रिकेच्या फाईलीवर दुपारीं १ वाजतां ती वाचल्याची वेळ दिसली, आणि त्या सुमारास खोलींत एकच विद्यार्थी होता. एवढ्यावरून त्या मुलास दोषी ठरविणें न्यायाचें होईल काय? मुळींच नाहीं. ती वेळ फाईल वाचली गेली एवढेंच सांगते. कोणीं वाचली हें ती सांगत नाहीं. विषाणू शोधणारा प्रोग्रॅम सर्व फाईली वाचून पाहतो. शोधसूची तयार करणारा प्रोग्रॅमहि त्या वाचतो. फोल्डर उघडतांच फाईलींचीं लहान चित्रें दाखविणारा प्रोग्रॅम त्यांच्या आंत डोकावतो. ह्यांपैकीं कोणाच्याहि हातून ती वेळ लिहिली गेली असेल, आणि त्या मुलानें कळफलकास बोटहि लाविलें नसेल.

उलटहि होऊं शकतें. रिलेटाइमच्या नियमानें सकाळीं १० ची नोंद तशीच राहिली असतांना दुपारीं फाईल तीनदां उघडली गेली असेल; म्हणजे नोंद नसणें हाहि निर्दोषपणाचा पुरावा नव्हे. शिवाय फाईलीच्या मालकास वाचनाची व बदलाची वेळ हवी तशी बदलण्याची सोय लिनक्समध्यें आहे. टच नांवाची एक साधी आज्ञा त्यास पुरते. विंडोजमध्यें एखादी फाईल दुसऱ्या जागीं उतरवून घेतली तर प्रतीची जन्मवेळ आजची व बदलाची वेळ गेल्या वर्षाची, असा चमत्कारहि दिसतो. जणूं लेकरूं जन्मण्यापूर्वींच चालूं लागलें! त्यांत लबाडी कांहीं नसते. नियमच तसा आहे.

घड्याळाचीहि गोष्ट आहे. संगणकाच्या आंत एक लहान बॅटरी असते. वीज नसतांना तीच घड्याळ चालविते. ती संपली कीं वीज गेल्यावर घड्याळ एखाद्या जुन्या तारखेवर जाऊन बसतें, आणि कोणीं दुरुस्त करीपर्यंत सर्व फाईलींवर तीच खोटी तारीख पडते. ही चूक ओळखण्याची एक रीत येथील मुलांस सहज वापरतां येईल. ठाणें जिल्ह्याचें विभाजन होऊन पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं अस्तित्वांत आला. मोखाड्याच्या एखाद्या अर्जांत 'जिल्हा पालघर' असें लिहिलें आहे आणि फाईलीच्या बदलाची तारीख २०१० ची दाखविली आहे, तर काय समजावें? मजकूर व शिक्का ह्यांपैकीं शिक्का खोटा आहे हें उघड आहे. त्याचप्रमाणें ग्रीनिचच्या व आपल्या वेळेंत साडेपांच तासांचें अंतर आहे. सकाळीं १० वाजतां वर्गांत उघडलेली फाईल ग्रीनिचच्या हिशेबानें पहाटे ४॥ वाजतां उघडलेली दिसते. हें अंतर ध्यानांत न घेणारा मनुष्य म्हणेल, 'पहाटे साडेचारला शाळेच्या संगणकावर कोण बसलें होतें?' आणि नसलेल्या चोराचा शोध सुरू होईल.

म्हणूनच गुन्ह्यांचा तपास करणारे जाणकार लोक मूळ डिस्क सहसा उघडीत नाहींत. तिच्यावर कांहींहि लिहिलें जाणार नाहीं अशा साधनाच्या आधारें तिची हुबेहूब प्रत काढतात आणि प्रतीवर काम करितात. तपासणाऱ्याच्या नुसत्या पाहण्यानेंहि वाचनाची वेळ पुसली जाण्याचें भय असतें, हें त्यांस ठाऊक असतें. आपल्या देशांत १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमान्वयें संगणकांतील नोंद पुरावा म्हणून दाखल करितांना तिजसोबत प्रमाणपत्र जोडावें लागतें. न्यायालयें जर इतकी काळजी घेतात, तर शाळेंत व घरांत आपण एका शिक्क्यावरून कोणाच्या प्रामाणिकपणाचा निकाल लावावा, हें कितपत योग्य होईल?

पालकांस ह्यावरून एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, मुलाच्या संगणकावर किंवा सामायिक यंत्रावर एखादी संशयास्पद वेळ दिसली, तर प्रथम मुलास शांतपणें विचारावें. घड्याळ बरोबर आहे काय तें पाहावें. त्या वेळीं यंत्र आपण होऊन कोणतें काम करीत होतें तें जाणत्या माणसाकडून समजून घ्यावें. ज्या फाईलींचें गुप्तपण खरोखर महत्त्वाचें आहे, त्या परवलीच्या शब्दानें सुरक्षित ठेवाव्या आणि प्रत्येकास स्वतंत्र खातें द्यावें. कुलूप न लावतां पावलांचे ठसे मोजीत बसण्यापेक्षां कुलूप लावणें केव्हांहि बरें.

विद्यार्थ्यांस ह्या विषयापासून घेण्याजोगी गोष्ट दुहेरी आहे. एक, कोणतीहि नोंद फुकट होत नाहीं. तिला जागा, वेळ व शक्ति लागते, म्हणून काय टिपावें आणि काय सोडून द्यावें ह्याचा विवेक यंत्र रचणारासहि करावा लागतो. सर्व टिपणें हा एक अतिरेक आणि कांहींच न टिपणें हा दुसरा. २००९ सालीं स्वीकारलेला मार्ग ह्या दोहोंच्या मधून जातो, म्हणूनच तो टिकला. दुसरी गोष्ट अशी कीं, नोंद जें सांगते तेवढेंच तिच्याकडून ऐकावें. वाचनाची वेळ म्हणजे ज्या नियमानें ती लिहिली त्या नियमाचें बोलणें आहे. तो नियम ठाऊक नसेल तर तिचा अर्थ लावण्याचा अधिकार आपणांस नाहीं. शाळेच्या संगणकावर बसाल तेव्हां एखाद्या फाईलीची माहिती उघडून तिच्या वेळा एकदां पाहा, फाईल वाचा, आणि त्या पुनः पाहा. कोणती वेळ बदलली, कोणती नाहीं, आणि कां, ह्याचें उत्तर शोधतांना ह्या लेखांतील पुष्कळ गोष्टी तुमच्या स्वतःच्या अनुभवाच्या होतील.